रोजची आठ औषधं आणि वरून अ‍ॅलर्जी: ह्यांच्या उपचाराचं एक वर्ष

हिवाळा ओसरला की ह्यांच्या शिंका सुरू होतात. सकाळी उठल्याबरोबर ओळीने शिंका, मग नाकाला धार, डोळ्यांना खाज, आणि रात्री नाक इतकं चोंदतं की तोंड उघडं ठेवून झोपावं लागतं. तरुणपणापासूनचा हा त्रास. तेव्हा एखादी गोळी घेतली की भागायचं. आता ह्यांचं वय ७८ आहे आणि बीपी, हृदयाचे अनियमित ठोके, मधुमेह, कोलेस्टेरॉल, प्रोस्टेट, पायांच्या नसांच्या वेदना असं सगळं मिळून रोजची आठ औषधं चालू आहेत. गोळ्यांचा डबा दर रविवारी मी भरते. त्या डब्यात आणखी एक गोळी टाकण्याआधी काय काय बघावं लागतं, ते कळायला आम्हाला जवळजवळ एक वर्ष लागलं. ज्यांच्या घरी असा डबा भरला जातो, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. इथलं सगळं आमच्या डॉक्टरांनी आणि फार्मासिस्टने समजावलेलं आहे. तुमच्या घरच्या माणसाचं औषध आणि डोस त्यांच्या डॉक्टरांनाच विचारून ठरवा.

गेल्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला त्रास वाढला. एका स्नेह्यांना सर्दीच्या एका गोळीने चटकन बरं वाटलं होतं, म्हणून ह्यांनी ती आणली आणि रात्री घेतली. चिठ्ठीशिवाय मिळणारी, अगदी नेहमीची गोळी. नाक खरोखरच कोरडं झालं, म्हणून दुसऱ्या रात्रीही घेतली. मग एकेक दिसायला लागलं. तोंडाला इतकी कोरड की घास गिळताना पाणी लागे. लघवीला जाऊन उभे राहिले तरी सुरू व्हायला वेळ लागे. सकाळी डोळ्यांवर पेंग, आणि बाथरूमकडे जाताना भिंतीचा आधार. बीपीही नेहमीपेक्षा वर गेलेलं. हे सगळं मी समजू शकत होते. पण त्याच सकाळी ह्यांनी मला एकच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने तीनदा विचारला, आणि आधीचं माझं उत्तर त्यांच्या लक्षातच नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला. या वयात विसरभोळेपणा दिसला की मनात जे येतं तेच माझ्याही मनात आलं. रात्रीतून माणूस आपल्यापासून दूर गेला असं वाटलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "नवीन काही घेतलंय का? अगदी साधी सर्दीची गोळीसुद्धा सांगा." मी पाकिटावरची नावं वाचून दाखवली: क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन. गोळी लगेच बंद करायला सांगितली. लघवी पूर्ण थांबली आणि ओटीपोट दुखायला लागलं, तर सकाळची वाट न बघता तातडीच्या विभागात जा, हेही बजावलं. तशी वेळ आली नाही. दोन दिवसांत हे पूर्ववत झाले, प्रश्नही पुन्हा विचारेनासे झाले. पण ज्यांच्या घरी असा अचानक गोंधळ दिसेल, त्यांना कळकळीने सांगते: वय झालं म्हणून सोडून देऊ नका. गेल्या आठवड्याभरात कुठलं औषध नव्याने सुरू झालं ते आधी आठवा आणि डॉक्टरांना कळवा.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी कारण समजावलं. अ‍ॅलर्जीवरच्या जुन्या पिढीच्या गोळ्या, म्हणजे क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन, या शरीरातल्या हिस्टामिनला, म्हणजे शिंका आणि खाज आणणाऱ्या रसायनाला, अडवतातच, पण त्याबरोबर अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या दुसऱ्या एका रसायनालाही अडवतात. लाळ सुटणं, आतडी हलणं, लघवीची पिशवी आकुंचन पावणं आणि मेंदूतली स्मरणाची कामं त्या रसायनावर चालतात. म्हणजे ज्या परिणामाने नाक सुकतं, त्यानेच तोंड सुकतं, बद्धकोष्ठता होते, लघवी अडते आणि डोक्यात धुकं दाटतं. उतारवयात औषध शरीराबाहेर जायला जास्त वेळ लागतो आणि मेंदूवर त्याचा परिणामही जास्त होतो. ज्येष्ठांसाठी धोक्याच्या औषधांची 'बीअर्स निकष' नावाची एक यादी आहे. ती पहिल्यांदा १९९१ मध्ये निघाली. आता अमेरिकेतली वृद्धोपचार तज्ज्ञांची संस्था ती अद्ययावत करते. २०२३ च्या आवृत्तीतही या गोळ्या टाळण्याच्या औषधांमध्ये आहेत. डॉक्टरांनी ते पान मला संगणकावर दाखवलं, आणि आमच्या पाकिटावरचं नाव तिथे दिसल्यावर मला वाईटही वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. आजार नव्हता, औषध होतं.

दुसरं औषध, फिनाइलएफ्रिन, चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी घातलेलं असतं. अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितलं की तोंडाने घेतल्यावर नेहमीच्या डोसमध्ये त्याचा नाकाला उपयोग होत नाही. त्याच कामाचं सूडोएफेड्रिन नाक मोकळं करतं, पण बीपी आणि ठोके वाढवू शकतं, झोप उडवतं आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी अडवू शकतं. अ‍ॅलर्जीच्या चांगल्या गोळीच्या नावापुढे 'डी' हे अक्षर असेल, तर बहुधा त्यात असंच काहीतरी मिसळलेलं असतं. आता आम्ही पाकिटाच्या पुढच्या बाजूचं नाव वाचतच नाही. मागच्या बारीक अक्षरांतले घटक वाचतो. कित्येक सर्दीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनही असतं. हे रक्त पातळ करणारी अ‍ॅपिक्साबॅन घेतात, त्यावर आयब्युप्रोफेन म्हणजे रक्तस्रावाचा धोका.

डॉक्टरांनी नवीन गोळी लगेच दिली नाही. आधी सगळ्या औषधांची तपासणी करून घ्या म्हणाले, आणि फार्मासिस्टची वेळ घ्यायला सांगितली. ती मिळायला दोन आठवडे लागले. निरोपात स्पष्ट लिहिलं होतं: यादी नको, औषधंच आणा. घरातलं जे काही अंगात जातं किंवा अंगाला लावलं जातं ते सगळं एका पिशवीत. दरम्यान मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि खिडक्या बंद ठेवणं एवढंच करता येणार होतं. ते दोन आठवडे ह्यांना कठीण गेले. रात्री उठून बसायचे. मला गोळी मागायचे आणि मी नाही म्हणायचे.

पिशवी उलटी केली तेव्हा टेबलावर मी यादीत लिहिलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त निघालं. आम्लपित्ताची पातळ औषधं, पोट साफ होण्याची पूड, गुडघ्यांचं मलम. मग फार्मासिस्टबाईंनी विचारलं, "काका, डोळ्यांत काही घालता का?" हे काचबिंदूसाठी कित्येक वर्षं टिमोलॉलचे थेंब घालतात. ते पिशवीत होते, पण कुठल्याच डॉक्टरांकडच्या औषधांच्या यादीत नव्हते, कारण डोळ्यांचे थेंब म्हणजे औषध असं कोणाला वाटतच नाही. त्या म्हणाल्या, हे बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या गटातलं औषध. थेंब नाकाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातो, म्हणून ठोके आणि दम्यावर परिणाम करू शकतो, आणि अ‍ॅलर्जीच्या तपासणीच्या वेळी तर तो सांगायलाच हवा. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून ठेवला की रक्तात कमी जातो, हेही त्यांनी करून दाखवलं. कुठे काही लपवलं नव्हतं, तरी इतकी मोठी गोष्ट इतकी वर्षं कागदावर आलीच नव्हती.

त्या तासाभरात आणखी तीन गोष्टी निघाल्या, आणि माझ्या मते आमच्या वर्षातला सगळ्यात मोलाचा भाग हाच.

पहिली, अमिट्रिप्टिलिन. पायांच्या नसांच्या वेदनांसाठी फार पूर्वी सुरू झालेली, रात्री एक घ्यायची गोळी. तीही अ‍ॅसिटिलकोलीन अडवणारी. म्हणजे सर्दीच्या गोळीने जो घाव घातला तो आधीच नाजूक झालेल्या जागी बसला होता. अशा औषधांचा भार एकमेकांवर चढत जातो. एकटं औषध चालून जातं, दुसरं आलं की माणूस कोलमडतो. दुसरी, रामिप्रिल. ह्यांना जो कोरडा, घसा खवखवून येणारा खोकला होता, तो आम्ही अ‍ॅलर्जीच्याच खात्यात मांडला होता. पण खोकला वर्षभर असायचा आणि शिंका फक्त मोसमात. बीपीच्या या गटातल्या गोळ्यांनी असा खोकला येणं ही माहितीतली गोष्ट आहे. तिसरी, प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन. तिनेही काहींचं नाक चोंदतं. म्हणजे ज्याला आम्ही सरसकट अ‍ॅलर्जी म्हणत होतो, त्यातला काही भाग औषधांचाच असावा. त्यावर आणखी औषध दिलं असतं तर एका औषधाचा त्रास दुसऱ्या औषधाने झाकला असता.

फार्मासिस्टबाईंनी दोन पानी पत्र करून दिलं. स्वतःहून काहीही बंद करू नका, असं दोनदा सांगितलं. हे पत्र घेऊन एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा आमच्या डॉक्टरांकडे. त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांचं लेखी उत्तर यायला आठवडा गेला, आणि मग रामिप्रिलच्या जागी बीपीचीच, पण दुसऱ्या गटातली टेल्मिसार्टन आली. बदल झाल्यावर पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची (किडनीचं काम दाखवणारी) रक्ततपासणी, आणि बीपी बसून व उभं राहून असं दोन्ही मोजायचं. खोकला जायला काही आठवडे लागले, पण गेला. अमिट्रिप्टिलिन एकदम बंद करायची नसते. तिचा डोस पायऱ्यापायऱ्यांनी खाली आणला. ते दिवस मला काळजीचे होते, कारण पाय पुन्हा जळायला लागतील अशी भीती होती. थोडं दुखलं, लावायच्या मलमाने भागलं. प्रोस्टेटची गोळी मात्र चालू ठेवली. तिचा फायदा नाकाच्या त्रासापेक्षा मोठा होता.

अ‍ॅलर्जी तज्ज्ञांची वेळ मेअखेरची मिळाली. चिठ्ठी, जुने अहवाल, फार्मासिस्टचं पत्र, औषधांची नवी यादी, असं सगळं आधीच पाठवायचं होतं. ते पाठवलं म्हणून तिथला वेळ वाचला. नाहीतर कातडीवरच्या चाचणीसाठी अ‍ॅलर्जीविरोधी गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद कराव्या लागतात, आणि अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्यांमुळेही त्या चाचणीचा निकाल खोटा नकारात्मक येऊ शकतो. शिवाय बीटा ब्लॉकर चालू असताना क्वचित तीव्र प्रतिक्रिया आलीच, तर तिच्यावरचं अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन नीट काम करत नाही. म्हणून ह्यांच्यासाठी रक्तातून आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणारं एक प्रथिन, मोजायची चाचणी ठरली. तिला कुठलंही औषध थांबवावं लागत नाही. मात्र ती महाग पडते, आणि जितके पदार्थ तपासाल तितका खर्च चढतो. आधी विचारा, आणि लक्षणांशी जुळणारे मोजकेच पदार्थ तपासायला सांगा. आमच्या तज्ज्ञांनी स्वतःच लांबलचक यादी खोडून चारपाच नावं ठेवली. अहवालात गवताच्या परागकणांचा आकडा वर आला, धुळीतल्या किड्यांचा जेमतेम. नुसता आकडा वर आला म्हणजे आजार ठरत नाही, तो त्रासाच्या महिन्यांशी जुळावा लागतो, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. ह्यांचा जुळला.

दीर्घ मुदतीची इम्युनोथेरपी, म्हणजे अ‍ॅलर्जीचा पदार्थ थोडा थोडा देऊन शरीराला सवय लावणं, ह्यांना नको असं ठरलं. कारण पुन्हा तेच, बीटा ब्लॉकर आणि हृदय. नातेवाइकांपैकी काहींनी मोसमाचं एकच स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं होतं. मधुमेह, बीपी, काचबिंदू आणि हाडं, या चारही कारणांनी तज्ज्ञांनी ते साफ नाकारलं. माँटेल्युकास्ट या अ‍ॅलर्जीवरच्याच आणखी एका गोळीचाही विषय निघाला. तिच्यामुळे झोप, मनःस्थिती आणि वागणुकीवर परिणाम होऊ शकतो म्हणून अमेरिकेच्या नियामकाने मार्च २०२० मध्ये तिच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा घालायला लावला. मार्चमधली ती सकाळ आठवून मीच म्हटलं, दुसरा मार्ग असेल तर तो आधी बघू.

दुसरा मार्ग होता नाकात मारायचा मोमेटासोन या स्टिरॉइडचा स्प्रे. स्टिरॉइड हा शब्द ऐकून हे बिचकले. पण स्प्रेमधलं औषध नाकातच काम करतं आणि रक्तात फारच थोडं जातं, म्हणून डब्यातल्या बाकीच्या गोळ्यांशी त्याची गाठ पडत नाही. (एचआयव्हीवरची रिटोनाव्हिरसारखी काही औषधं चालू असतील, तर मात्र डॉक्टरांना सांगणं भाग आहे.) काचबिंदूमुळे डोळ्यांच्या डॉक्टरांची लेखी संमती हवी होती. त्यांनी डोळ्यांचा दाब मोजून होकार दिला, पण काही महिन्यांनी पुन्हा मोजायची अट घातली.

स्प्रे मारण्याची पद्धत मी तपशिलाने लिहिते, कारण बाटली हातात दिली जाते आणि पद्धत कोणी दाखवत नाही. नाक आधी हलकेच साफ करायचं. बाटली हलवायची. मान मागे टाकायची नाही, थोडी पुढे झुकवायची. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा, म्हणजे नळी आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने वळते. मधल्या पडद्यावर फवारा मारायचा नाही. तिथेच रक्त येतं, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते लवकर थांबत नाही. मारताना हळू श्वास घ्यायचा, जोरात ओढला तर औषध थेट घशात उतरतं. ह्यांच्या बोटांत जोर कमी, म्हणून सुरुवातीला दाबताना हात हलायचा. टेबलावर कोपर टेकवून बसल्यावर जमलं. जूनमध्ये एकदा नाकातून रक्त आलंच. पुढे झुकून बसायचं, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं न सोडता दाबायचा, असं सांगितलेलं होतं. थांबलं. नसतं थांबलं तर तातडीच्या विभागात जायचं होतं.

स्प्रेचा पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागू शकतात. तिसऱ्या दिवशी "काही होत नाही" म्हणून ह्यांनी तो सोडायचं ठरवलं होतं. गोळीने तासाभरात नाक सुकायचं, त्या मानाने हे फार सावकाश. दुकानात मिळणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब नाक मिनिटांत मोकळं करतात, पण तीनचार दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक उलट अधिक चोंदतं आणि थेंबांशिवाय चैन पडत नाही. त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

नाक धुण्याचं पाणी कधीही थेट नळाचं घेऊ नका. नळाच्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत गेला तर जिवावर बेततं. फार दुर्मीळ आहे, पण टाळणं अगदी सोपं आहे: पाणी किमान एक मिनिट खळखळ उकळून गार करायचं, किंवा डिस्टिल्ड पाणी वापरायचं, आणि बाटली रोज धुऊन कोरडी करायची. आधी नाक धुणं, मग थोड्या वेळाने स्प्रे.

अगदीच त्रासाच्या दिवसासाठी फेक्सोफेनाडिन लिहून दिली. नव्या पिढीची, मेंदूत फारशी न जाणारी. ह्यांच्या किडनीचा आकडा, ईजीएफआर, थोडा खाली आहे म्हणून डोसही कमी. सेटिरिझिनही नव्या पिढीचीच, पण काहींना तिने पेंग येते आणि किडनीनुसार तिचाही डोस कमी करावा लागतो. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबर घ्यायची. फळांच्या रसाबरोबर ती नीट शोषली जात नाही, आणि आम्लपित्ताच्या ज्या औषधांत अ‍ॅल्युमिनियम व मॅग्नेशियम असतं त्यांच्यापासून दोन तास लांब ठेवायची. ह्यांच्या पातळ औषधात नेमकं तेच होतं. डोळ्यांच्या खाजेसाठी गोळीऐवजी ओलोपाटाडिनचे थेंब, काचबिंदूच्या थेंबांपासून किमान पाच मिनिटांच्या अंतराने.

बाकी सांभाळायचं ते साधंच. परागकण जास्त असतील त्या दिवशी खिडक्या बंद, बाहेर जाताना मास्क आणि चष्मा, घरी आल्यावर कपडे बदलून तोंड धुणं, कपडे आत वाळवणं. नुसतं एवढं करून अ‍ॅलर्जी जात नाही, पण गोळी लागणारे दिवस कमी होतात.

या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर, शिंका सुरू व्हायच्या आधीच दोन आठवडे, स्प्रे सुरू केला. मोसम सुरू झाल्यावर शिंका आल्या, पण रात्रीची झोप टिकली. फेक्सोफेनाडिन मोजक्या दिवशीच लागली. डोळ्यांचा दाब ठीक आहे. डब्यातून एक गोळी कायमची गेली, आणि तोंडाची कोरड व बद्धकोष्ठता दोन्ही कमी झाली, हे आम्ही अपेक्षिलंही नव्हतं. औषधांच्या यादीच्या चार प्रती आहेत: फ्रिजवर, ह्यांच्या पाकिटात, माझ्या पर्समध्ये आणि लेकीच्या फोनमध्ये. थेंब, स्प्रे, मलमं त्यात आहेत, आणि सगळ्यात वर लाल अक्षरांत ज्या औषधांनी त्रास झाला त्यांची नावं.

एक गोष्ट अजून उरली आहे. जेवताना ह्यांचं नाक पाण्यासारखं वाहतं. तज्ज्ञ म्हणाले, ही अ‍ॅलर्जी नाही, उतारवयात नाकाच्या नसांमुळे होतं, स्टिरॉइडच्या स्प्रेने फारसं थांबत नाही. त्यावर इप्राट्रोपियमचा स्प्रे असतो. पण तोही अ‍ॅसिटिलकोलीन अडवणाराच, आणि काचबिंदू व प्रोस्टेट दोन्ही असताना जपून वापरायचा. ह्यांनी तूर्तास तो घ्यायचा नाही असं ठरवलं आहे. जेवताना रुमाल जवळ ठेवतात. सहा महिन्यांनी फार्मासिस्टकडे पुन्हा पिशवी घेऊन जायचं आहे, तेव्हा हा प्रश्न परत विचारायचा आहे.